साहेबांच्या आड आलेली सुरंगी

"झाडं जरा खाली दाब," नंदादादा माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "आणि साहेबांना वर घे."

मी झाडं खाली दाबली, साहेबांना वर घेतलं. स्क्रीनवर साहेब आता रानसुरणाच्या फुलावर उभे राहून आशीर्वाद देत होते.

"आता कसं," दादा म्हणाले. "आता जंगलाला वजन आलं."

दादा म्हणजे नंदकिशोर मोर्ये, आमच्या माणखोल नगरपंचायतीचे उपनगराध्यक्ष. साहेब म्हणजे आमच्या भागाचे मंत्री. त्यांचं नाव सांगत नाही, ते अजून निवडून येतात. आणि मी शर्मिष्ठा गवस, बाबलकाका तेलींच्या ‘रंगमोहर’ नावाच्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसणारी. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, तेव्हा मला नोकरीची गरज होती आणि अक्कल जेमतेम होती.

काम असं होतं. नगरपंचायतीने गावाबाहेर, वझरीच्या रानाच्या तोंडाशी, ‘निसर्ग परिचय केंद्र’ बांधलं होतं. म्हणजे एक खोली, दोन संडास आणि खूप मोठं पार्किंग. वन दिनाला साहेबांच्या हस्ते उद्घाटन ठरलं होतं आणि दाराशी वीस फुटी पोस्टर लागणार होतं, ‘आपलं सदाहरित रान’. निसर्ग वाचवा, असं प्लास्टिकवर छापून सांगायचं. पोस्टरवर रानातल्या बारा झाडावेलींचे फोटो असणार होते, आणि ते बाराही फोटो मी काढलेले होते.

दोन वर्षं मी दर रविवारी त्या रानात जात होते. घरी येऊन पायाच्या बोटांच्या बेचक्यातल्या जळवा मिठाने पाडायच्या, मग जेवायचं. आई म्हणायची, लोकांच्या पोरी रविवारी केस धुतात, ही रक्त देऊन येते. पण फोटो चांगले आले होते. नागासारखा फणा काढलेला सापकांदा होता. रामपत्रीचं फळ होतं, उकललेलं, आत बीवर लालभडक जाळी. हत्तीच्या सोंडेसारखी वळलेली गारंबीची वेल होती. नगरपंचायतीला फुकटात फोटो हवे होते आणि मला ते कुणीतरी बघायला हवे होते, म्हणून आमचं जमलं. इतकंच.

आता आमच्या धंद्याची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे कुठलाही फ्लेक्स पहिल्यापासून कधी केला जात नाही. कुणाच्या तरी वाढदिवसाची जुनी फाईल उघडायची आणि तोंडं बदलायची. बारसं असो, श्राद्ध असो, कबड्डीचे सामने असोत, मूळ वाढदिवसच. वरच्या ओळीत कुणाचं तोंड केवढं, कोण कुणाच्या शेजारी चालतो आणि कोण चालत नाही, हे बाबलकाकांना आपल्या गोत्राहून जास्त पाठ होतं. पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो आमच्याकडे तयार असायचे. ज्यांनी हात जोडून फोटो काढला नव्हता, त्यांना मी बाबलकाकांचे हात लावले होते. माणखोलचे निम्मे नगरसेवक बाबलकाकांच्या हातांनी मतदारांना नमस्कार करत होते, तांब्याच्या अंगठीसकट, आणि ते आजतागायत कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

तर त्या दिवशीही मी वाढदिवसाची फाईल उघडली होती आणि दादा माझ्या झाडांची चाचणी घेत होते.

मुळांवर उगवणारं, पान नसलेलं एक तांबडं फूल मी मोठ्या मुश्किलीने टिपलं होतं. दादा म्हणाले, हा कसला तरी रोग आहे, साहेबांच्या शेजारी रोग नको. नरक्या नावाच्या झाडाचं नाव बदलता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झाडाला विचारावं लागेल. रामपत्रीच्या फळाकडे बघून त्यांना कुणाचंतरी फाटलेलं तोंड आठवलं. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि मला एक वाघ दाखवला. वाघाशिवाय जंगल म्हणजे अध्यक्षाशिवाय सभा, असं त्यांचं म्हणणं. त्या वाघाच्या मागे बर्फ पडत होता. मी ते दाखवून दिलं तर म्हणाले, बर्फ पुसून टाक, तुला येतं की सगळं.

वाघ मी कसाबसा टाळला. पण साहेब मध्यभागी आले, आठ फूट उंच, आणि माझी बारा झाडं त्यांच्या कोटाच्या बटणांसारखी दोन्ही बाजूंना खाली उतरत गेली. मी ते मुकाट्याने केलं. माझं काम तेच होतं.

मग माप घ्यायला आम्ही जागेवर गेलो. लोखंडी सांगाड्याचं माप दुकानदाराने स्वतः घ्यायचं असतं, दुसऱ्याने सांगितलेल्या मापावर फ्लेक्स छापला की तो हमखास वीतभर कमी पडतो. बाबलकाकांच्या स्कूटरवरून उतरले आणि मला आधी सांगाडा दिसलाच नाही. सुरंगी दिसली.

ती मला माहीत होती. बाराव्या फोटोतली सुरंगी हीच. ऐन मार्चात फुललेली, काळपट जाड पानांच्या आत फांद्यांना गच्च लगडलेली पांढरी फुलं, पिवळे तुरे, आणि मधमाश्यांचा असा आवाज की झाडाच्या पोटात कुणीतरी गिरणी चालू ठेवलीय. खालच्या फांद्या माणसाच्या डोक्यापर्यंत आलेल्या. आणि तिच्या बरोबर मागे, पाचेक पावलांवर, दादांचा लोखंडी सांगाडा उभा होता. रस्त्यावरून बघितलं तर सांगाड्याचे दोन कान दिसत होते, मधला सगळा भाग सुरंगीच्या आड. म्हणजे साहेब संपूर्ण सुरंगीच्या आड.

सुरंगीच्या खोडावर चुन्याची फुली मारलेली होती.

दादा तिथेच होते, पार्किंगमध्ये पट्टे मारून घेत होते. मी त्यांच्याकडे गेले.

"दादा, फ्रेम चुकीच्या जागी झालीय."

"फ्रेम बरोबर आहे. झाड चुकीच्या जागी आलंय."

"झाड आधीपासून आहे."

"म्हणून काय झालं? आधीपासून असलेले आम्ही बरेच काढले."

त्यांच्या बरोबरची दोन माणसं हसली. मी सांगितलं की याच झाडाचा फोटो पोस्टरवर आहे. दादांना यात काही अडचण दिसेना. उलट त्यांचा चेहरा उजळला.

"मग तर प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "फोटो आहे ना आपल्याकडे? मग झाड कशाला? झाड असताना फोटो कोण बघणार?"

मी म्हटलं, सांगाडा दहा पावलं बाजूला घेऊ. ते म्हणाले, काँक्रीट बसलंय. काँक्रीट त्यांच्या मेव्हण्याने घातलं होतं, आणि मेव्हण्याच्या आयुष्यातलं हे पहिलं बांधकाम होतं जे हललं नव्हतं, तेवढं त्यांना पाडवेना. मी म्हटलं, मग साहेबांना मधून काढून डावीकडे घेऊ. यावर दादांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी साहेबांचा सदरा काढायला सांगितला होता.

आता कुणाला वाटेल, माझं त्या झाडाशी काही नातं होतं. काही नव्हतं. उलट वरच्या फुलाचा फोटो काढताना मी तिच्यावरून पडून गुडघा फोडून घेतला होता. पण सहा वर्षं मी या लोकांची तोंडं सरकवत आले होते. कुणाला वर घे, कुणाला खाली, कुणाचं टक्कल झाक, कुणाची हनुवटी कमी कर. जे सांगितलं ते केलं होतं. आणि आता एक जिवंत झाड त्याच्या फोटोच्या आड येतं म्हणून कापणार होते, तेही ‘आपलं सदाहरित रान’ असं लिहिलेल्या पोस्टरसाठी. माझं डोकं फिरलं, एवढंच सांगते. चांगलं कारण मागाहून सुचतं.

"झाड पडणार असेल तर मी हे पोस्टर करणार नाही," मी म्हटलं.

दादा शांतपणे म्हणाले, "नको करू. बाबल, तुझ्याकडे दुसरी पोरगी आहे ना? नसेल तर कुडाळात दुकानं कमी नाहीत."

बाबलकाका दोन्ही हातांनी टेपचा डबा धरून उभे होते. परतताना स्कूटरवर ते एवढंच बोलले: "गो शर्मे, आपण फ्लेक्सवाले. आपणाक झाडाचा काय पडलाहा? साहेबाक मधी ठेव आणि मोकळी हो." त्यांचं म्हणणं पूर्ण चूक नव्हतं. मी पोस्टर सोडलं असतं तर दुसऱ्या कुणीतरी केलं असतं. साहेब मध्ये आले असते, सुरंगी पडली असती आणि मी घरी बसून बाणेदारपणे मटार सोलले असते.

दुसऱ्या दिवशी दादांनी जानूला झाडावर चढवलं. जानू म्हणजे आमच्याकडचा माडावर चढणारा गडी, त्याच्या हाताखालून कुठलंच झाड सुटत नाही अशी त्याची ख्याती. कोयता कमरेला लावून तो झपझप वर गेला. पण सुरंगीवर हुमल्यांची वस्ती होती. हुमले म्हणजे पानं शिवून घरं करणाऱ्या तांबड्या मुंग्या. जानू वर पोचला तेव्हा हुमले घरीच होते. जो माणूस वर गेला होता तो खाली आला, पण त्याचा पंचा वरच राहिला, आणि तो तशाच अवस्थेत ओढ्याकडे धावला. त्याच वेळी शाळेच्या मुली समूहगीताच्या सरावासाठी केंद्रावर येत होत्या. त्यांचं ‘वृक्ष आपुले सोबती’ त्या दिवशी पहिल्या ओळीपुढे गेलं नाही असं ऐकते.

ओढ्यातूनच जानूने निरोप दिला, "दादा, ह्या झाडार माणूस चढाचो नाय. मुळातसून काढूक व्हया."

मुळातून काढायला लाकूड कापायचं मशीन हवं. ते शेजारच्या तालुक्यातून यायचं होतं आणि उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच मिळणार होतं. दादांना ते बरंच वाटलं. आधी झाड पडलं असतं तर वनखात्याचा कुणीतरी पंचनाम्याला आला असता. उद्घाटनाच्या सकाळी सगळं वनखातं साहेबांच्या स्वागताला इस्त्रीच्या कपड्यांत रस्त्यावर उभं असणार होतं.

म्हणजे सकाळी झाड पडणार, मग पोस्टर लागणार, मग साहेब येणार. हा क्रम कळल्यावर मी दादांना फोन केला आणि सांगितलं की चुकलं माझं, पोस्टर मीच करते. फक्त एक विनंती, पोस्टर जरा लवकर लावू द्या, गुंडाळीच्या सुरकुत्या ताणून गेल्या नाहीत तर साहेबांच्या चेहऱ्यावर येतील. दादा खूश झाले. पोरगी वठणीवर आली म्हणून त्यांनी बाबलकाकांचं अभिनंदन केलं.

मग मी परत एकदा एकटी जागेवर गेले आणि टेपने वेगळंच माप घेतलं. खोड किती रुंद, खालच्या फांद्या कुठवर येतात, रस्त्याच्या वळणावरून काय दिसतं, फीत कापायच्या जागेवरून काय दिसतं. दुकानात येऊन फाईल उघडली. वाढदिवसाची नाही. नवीन, कोरी. सहा वर्षांत पहिल्यांदा.

छपाई दुपारी केली. आमचं मशीन एक एक पट्टी छापत फ्लेक्स पुढे ढकलतं, वीस फुटाला वेळ लागतो. बाबलकाका जेवायचा डबा उघडून शेजारीच बसले होते. माशाची आमटी भातावर ओतता ओतता त्यांची नजर फ्लेक्सवर गेली आणि ओघळ ताटाबाहेर गेला. ते उठले. चष्मा पुसला. जसजशी पट्टी बाहेर येईल तसतसे ते तिच्याबरोबर सरकत वाचत गेले, पार शेवटापर्यंत. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"माझे डोळे हल्ली अधू झाले हत," ते म्हणाले. "माका ह्यातला काय दिसाक नाय."

आणि डबा उचलून मागच्या पडवीत जेवायला गेले. थोड्या वेळाने दारातून फक्त डोकं आत आलं.

"शेवटची ओळ जरा मोठी करूक व्हयी होती."

मी ती मोठी केली आणि तेवढी पट्टी परत छापली.

वन दिनाच्या सकाळी आम्ही टेम्पोतून गुंडाळी घेऊन गेलो. मांडव सजला होता, सुरंगीचेच गजरे टोपल्यांत भरून ठेवलेले होते साहेबांच्या स्वागताला, आणि झाडावर माश्या नेहमीसारख्या कामाला लागल्या होत्या. मशीन अजून यायचं होतं. टेम्पोतून आलेल्या पोरांनी सांगाड्यावर चढून फ्लेक्सची वरची कड बांधली, गुंडाळी खाली सोडली, बाजू ताणल्या. शेवटची दोरी आवळत असताना दादांची गाडी आली. कडक पांढरा झब्बा, कपाळाला टिळा, मागून जानू खांद्यावर मशीन घेऊन. जानूने त्या दिवशी फुल पँट घातली होती.

दादा पोस्टरसमोर उभे राहिले.

डाव्या-उजव्या बाजूला, सांगाड्याचे जे दोन कान झाडाच्या बाहेर दिसत होते तिथे, माझी अकरा झाडं होती. मोठी, ठळक नावांची. तांबड्या फुलाला सगळ्यांत वरची जागा दिली होती आणि नरक्याचं नाव नरक्याच ठेवलं होतं. त्यांच्या खाली पुढाऱ्यांची रांग, डावीकडचे उजवीकडे तोंड करून, उजवीकडचे डावीकडे. साहेब डावीकडे पहिले. सगळ्यांच्या उंच्या सारख्या, सगळ्यांचे हात जोडलेले. आणि मध्ये, जिथे साहेब आठ फूट उभे राहायचे होते, तिथे काहीच नव्हतं. नुसता फिकट हिरवा रंग, आणि त्याच्यापुढे खरी सुरंगी. वळणावरून बघणाऱ्याला असं दिसत होतं की मंत्र्यांपासून वॉर्ड नंबर तीनपर्यंत सगळे पुढारी त्या झाडाला हात जोडून उभे आहेत.

खोडाच्या दोन्ही बाजूंना, फांद्यांच्या खाली, वाचता येतील अशी अक्षरं होती. दादा ती मोठ्याने वाचायला लागले आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बसत गेला.

"बारा. सुरंगी. हिचा फोटो लावलेला नाही. ती तुमच्यासमोर उभी आहे. माननीय साहेबांच्या आदेशावरून हे झाड कायमचं राखलेलं आहे."

शेवटची ओळ खरोखर मोठी झाली होती.

"हे काय आहे?" दादांनी विचारलं.

"पोस्टर."

"साहेब कुठायत?"

"ते काय, डावीकडे. नमस्कार करतायत."

"कुणाला?"

"झाडाला. तुम्हीपण करताय. तिकडून चौथे."

दादांनी स्वतःला शोधलं. मग माझ्याकडे वळले. शुद्ध मराठी त्यांना फक्त सभेपुरती यायची, ती आता गळून पडली. "साहेबान ह्यो आदेश कधी दिल्यान गो?"

"दिला नाही? मग त्यांनाच विचारा. येतीलच आता."

जानूने दोरी ओढली. मशीन घरघरायला लागलं. वरच्या माश्यांचा आवाजही बुडाला त्यात. "दादा, लावू?" त्याने ओरडून विचारलं.

दादांची नजर पोस्टरवरच होती. मी त्यांच्या कानाशी जाऊन, मशीनच्या वर आवाज काढून, हळू करता येईल तेवढं हळू सांगितलं, "कापा ना. साहेब उतरतील, हे वाचतील आणि समोर बघतील. समोर ताजा बुंधा असेल. मग ते विचारतील, माझा आदेश कुणी मोडला. तेव्हा मी मांडवातच असेन, आणि मला खोटं बोलता येत नाही."

"पोस्टर उतरवा," दादा पोरांना म्हणाले. "आताच्या आता."

"उतरवा. मग साहेब रिकाम्या लोखंडाचं उद्घाटन करतील. फीत बांधलेलीच आहे."

पोरं दोरीला हात लावून थांबली. एक दादांकडे बघत होता, एक माझ्याकडे. बाबलकाका टेम्पोच्या आड उभे राहून आभाळ बघत होते. मी सुरंगीच्या खोडाला पाठ लावून उभी राहिले. धाडस म्हणून नाही, टेकायला काहीतरी हवं होतं. पण दादांना ते धाडस वाटलं, ते बरं झालं.

"पोरी," ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज खरोखर खाली आला होता, "तुला कळतंय का तू काय केलंस? या तालुक्यात तुला कोण काम देतो तेच बघतो मी."

"बघा," मी म्हटलं. "बसून बघा. पण झाडाला हात लावायचा नाही."

घाटाच्या बाजूने भोंगा ऐकू आला. पुढची पोलीसगाडी वळणावर दिसली. दादांनी एकदा पोस्टरकडे, एकदा झाडाकडे आणि एकदा रस्त्याकडे बघितलं. मग जानूच्या दंडावर हात मारून म्हणाले, "बंद कर मेल्या ता. आणि लपय खंय तरी."

जानूने मशीन संडासात लपवलं.

साहेब उतरले. हार झाले, गजरे झाले, मुलींनी समूहगीत या वेळी शेवटपर्यंत म्हटलं. फीत कापायला ते पुढे आले आणि पोस्टरसमोर थांबले. बराच वेळ वाचत राहिले. मग मान वर करून सुरंगीकडे बघितलं, मग परत पोस्टरवर शेवटच्या ओळीकडे. त्यांच्या शेजारी त्यांचा पी.ए. होता. साहेबांनी मान थोडी तिरकी करून त्याला विचारलं, "हा आदेश आपण...?"

पी.ए.ला काहीच माहीत नव्हतं. पण साहेबांना नाही म्हणायचं नसतं, यावरच त्याची नोकरी उभी होती. "हो साहेब," तो म्हणाला. "गेल्या वर्षीच. दौऱ्यात."

साहेबांचा चेहरा सैल झाला. आणि त्यानंतर त्यांना सगळं आठवत गेलं. भाषणात त्यांनी सांगितलं की हे झाड त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते रात्रभर झोपले नव्हते. सांगितलं की काही विकासविरोधी लोक झाड तोडा म्हणून त्यांच्या मागे लागले होते, तेव्हा त्यांनी ठणकावलं होतं की आधी माझ्यावर करवत चालवा. शेवटी शेवटी तर सुरंगी त्यांच्या आईने लावल्यासारखी वाटायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या, दुसरं करणार काय?

"आणि हे झाड मी नंदकिशोरच्या ताब्यात देतो," साहेब म्हणाले. दादांना त्यांनी हाताला धरून पुढे ओढलं. "दर वर्षी या दिवशी मी येणार. याचं एक पान जरी कमी झालेलं दिसलं, तर जाब याला विचारणार. काय नंदू?"

मांडव हसला. नंदूही हसले. त्यांच्या गळ्यात सुरंगीचा गजरा होता आणि त्यातली एक मधमाशी त्यांच्या कानाभोवती फिरत होती. पण साहेबांनी हात धरलेला असल्यामुळे त्यांना ती उडवताही येत नव्हती.

संध्याकाळी बाबलकाकांनी मला कामावरून काढलं. दादांनी निरोपच तसा पाठवला होता. काका इतके रडवेले झाले होते की त्यांना मीच चहा करून दिला. माझे फोटो मी एका सीडीवर घेतले, कंगवा आणि छत्री घेतली आणि निघाले. दादांनी शब्द पाळला, पुढे वर्षभर तालुक्यात मला कुणी कामाला ठेवलं नाही. मग मी गोव्यात गेले. वाईट वाटलं का, असं लोक अजून विचारतात. नोकरी गेल्याचं वाटलं. पोस्टरचं नाही.

साहेब पुढच्या वर्षी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पण साहेब विसरलेत, असं दादांना खात्रीने कोण सांगणार, आणि साहेबांना जाऊन विचारायचं धाडस दादा कुठून आणणार?

नोकरी गेल्यावर एकदा कॅमेरा घेऊन मी केंद्रावर गेले होते, उद्घाटनाला जेमतेम आठवडा झाला असेल. सुरंगीभोवती दादांनी लोखंडी कठडा केला होता. मेव्हण्याचाच, तो एका बाजूला कलंडलेला होता. आणि कठड्याच्या आत जानू दोन्ही हातांत पाण्याचे डबे घेऊन झाडाच्या मुळाशी पाणी ओतत होता. शंभरेक वर्षांचं झाड, मुळं थेट ओढ्यात उतरलेली, आणि हा गडी त्याच ओढ्यातून डबे भरून आणून त्याच मुळांवर ओतत होता. घामाने निथळत होता बिचारा.

मी विचारलं, हे काय चाललंय. त्याने डबे खाली ठेवले.

"दादांनी सांगल्यानी, सकाळ-सांज घाल. सुकला तर माका ठेवचे नाय." त्याने मान वर करून पार शेंड्यापर्यंत बघितलं. "गो शर्मे, एवढ्या झाडाक पाणी किती घालूचा?"

मीही वर बघितलं. फुलं अजून होती.

"घाल," मी म्हटलं. "पुरे झालं की झाड सांगेल."